किटलीचं टोपरं आणि चिंबोरी

माझी मावशी गणेशपुरीला राहायची. आश्रमाच्या निमित्ताने तिथे परदेशी माणसं येत आणि महिनोन्महिने मुक्काम ठोकून राहत. अशाच एका म्हाताऱ्या बाईंकडे मावशी बरीच वर्षं स्वयंपाक करत होती. बाई कायमच्या आपल्या देशी परत निघाल्या तेव्हा त्यांनी मावशीला गॅसची शेगडी, टेबलफॅन, दोन वेताच्या खुर्च्या आणि एक चहाचा सेट दिला. शेगडी आणि पंखा त्याच दिवशी कामाला लागले. सेटचं काय करायचं ते मात्र मावशीला कळेना. मी भेटायला गेले तेव्हा तिने माळ्यावरून खोका खाली काढला.

"यात चहा मावतो किती, घोटभर," ती म्हणाली. "आणि फुटला तर उगाच जीव हळहळायचा. तूच ने. तुला पहिल्यापासून असल्या गोष्टींचं वेड."

वेड होतं खरं. लहानपणी खारबावला आमच्या घरी चहा जर्मनच्या पातेल्यात उकळायचा आणि स्टीलच्या पेल्यात मिळायचा. घरात चिनी मातीचा एकच कप होता, कान तुटलेला, आणि त्यात आई मीठ ठेवायची. त्याच्या कडेला एक हिरवी रेघ होती. ती बघत बसायला मिळावं म्हणून मी मीठ वाढायचं काम आपणहून मागून घ्यायचे.

मावशीच्या अंगणात बसून मी एकेक कप वर्तमानपत्रातून सोडवला. किती पातळ! उन्हाकडे धरला तर पलीकडून माझ्या बोटांची सावली दिसली. नखाने टिचकी मारली तर घंटेसारखा बारीक नाद आला. बाहेरून गुलाबी गुलाबांच्या वेली आणि मध्येच निळी फुलं, ती कसली ते मला आजही सांगता येत नाही. काठाला सोन्याची रेघ होती, पण सगळीकडे नव्हती. कान उजव्या हातात धरला की ओठ जिथे लागतात तिथली पुसली गेली होती. एका कपाची मात्र नेमकी दुसरी बाजू झिजलेली. म्हणजे त्या घरात कोणीतरी डावखुरं होतं! मी इतक्या जोरात ओरडले की मावशी धावत बाहेर आली. तिला वाटलं, फोडलाच मी एखादा.

खोका मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. वज्रेश्वरी गेली, अंबाडी आली, मी खोक्याला दोन्ही हातांनी कवटाळून होते. अंबाडीच्या पुढे एका स्पीडब्रेकरवर गाडी अशी उडाली की मागच्या बाकावरच्या सगळ्या बायका एकदम "आई गं" म्हणाल्या. माझ्या खोक्यातून 'टक्' असा आवाज आला. उघडून बघायची हिंमत झाली नाही. भिवंडीत उतरून कोनला घरी पोचेपर्यंत मी फक्त एवढंच म्हणत होते, कप नको, कप नको.

कप नव्हता. किटलीचं झाकण होतं. दोन तुकडे आणि एक बारकासा टवका, जो काही केल्या सापडला नाही.

माझं सासर कोनचं. सासऱ्यांनी शेतं पिकवली, आणि शेतीतून मोकळे झाले की खाडीवर जाऊन जाळं टाकलं. मग रस्त्याला लागून गोदामं उभी राहू लागली, शेतं त्यात गेली, आमचं कौलारू घर पाडून स्लॅबचं घर झालं, मागे भाड्याने द्यायला खोल्या निघाल्या. सासऱ्यांना करायला काही उरलं नाही. सकाळी पेपर, मग ओट्यावर बसून रस्त्यावरचे कंटेनर बघणं, दुपारी टीव्ही. सासूबाई मात्र सतत कामात. हे, म्हणजे माझे यजमान, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते, आणि नणंद कल्याणला कॉलेजला जायची. मी सकाळी गावातल्या बालवाडीत शिकवून दुपारपर्यंत घरी यायचे.

मी टेबलावर कप मांडले तेव्हा सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. "यो काय बावल्यांचा खेल आनलास?" एवढं बोलून त्या आत गेल्या. सासऱ्यांनी चष्मा लावला. त्यांनी एक कप उलटा करून त्याच्या बुडाखालचा पुसट शिक्का बघितला, मग झाकणाचे तुकडे तळहातावर घेतले.

"दे मना," ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस ओट्यावर तेच काम. डिंकासारखं काहीतरी लावून, दोरा गुंडाळून, त्यांनी ते झाकण सांधलं. टवक्याच्या जागी छोटं त्रिकोणी भोक राहिलं, पण झाकण बसलं. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा आलं-साखर घालून चहा उकळला, किटलीत गाळला, आणि घरातल्या सगळ्यांना त्या कपांतून दिला. सासऱ्यांचं बोट कपाच्या कानात शिरेना. त्यांनी सरळ चहा बशीत ओतला, दोन्ही हातांनी बशी उचलली आणि फुर्रर्र करून प्यायले.

"बशी हलकी हाय," ते खूश होऊन म्हणाले. "हातात काय धरलंय तेच कलत न्हाय. पन दुसरा कप गार निंगाला गो."

त्या भोकातून वाफ जात होती. किटलीवर काहीतरी झाकायला हवं म्हणून मी खोक्यातली चिंधी घेतली. आतापर्यंत मी तिला कप फुटू नयेत म्हणून घातलेलं फडकं समजत होते. उंदरांनी कुरतडलेली, जाडजूड, आत कापूस भरलेली. उलगडली तर ती टोपीसारखी निघाली, दोन्ही बाजूंना चिरा, एक नळीसाठी आणि एक कानासाठी. मी ती किटलीवर चढवली. अगदी मापात बसली!

सासूबाई दारातूनच हसायला लागल्या. "किटलीचं बारसं हाय काय? टोपरं घातलंस तिला!"

तेव्हापासून आमच्या घरात त्या वस्तूचं नाव टोपरं पडलं. आणि मी त्या टोपऱ्याकडे बघतच राहिले. उंदरांनी जे काही सोडलं होतं त्यावर तेच गुलाब होते, तीच निळी फुलं. कोण्या एका बाईने कप समोर ठेवून, त्यावरची वेल कापडावर उतरवली होती. मला त्या रात्री झोपच लागेना. तिने केलं तर मी का नाही?

दुसऱ्या दिवशी ते टोपरं घेऊन मी मागच्या खोलीतल्या भाभीकडे गेले. भाभी आमची भाडेकरू. नवरा लूमवर कापड विणायला, कधी दिवसाची शिफ्ट, कधी रात्रीची. ती उत्तर प्रदेशातल्या कुठल्याशा खेड्यातली. घरातल्या मशीनवर ओढण्यांच्या काठांचं भरतकाम करून ती भिवंडीतल्या एका दुकानाला द्यायची. तिने टोपरं उलटं केलं आणि अंगठ्याने चाचपलं.

"दीदी, ये हाथ का नहीं है. मशीन का काम है. नीचे का धागा देखो."

"मशीनचं? मेरे मशीन पे आयेगा क्या?" मी विचारलं. माझं मशीन म्हणजे लग्नात आईने दिलेलं पायाचं शिलाई मशीन. त्यावर मी साड्यांना फॉल लावायचे आणि उशांचे अभ्रे शिवायचे, बस.

"किसी पे भी आयेगा. मशीन क्या करती है, सुई ऊपर, सुई नीचे. बाकी सब तो आपके हाथ को करना है."

भाभीच दुपारी माझ्याकडे आली. आल्या आल्या तिने माझ्या मशीनचा कापड दाबून धरणारा पाय काढून टाकला.  मग तिने कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांवर एक पातळ पत्रा बसवला, कापड लाकडी रिंगमध्ये ढोलकीसारखं ताणलं, सुईखाली सरकवलं आणि म्हणाली, "चलाओ."

मी पाय मारला. आयुष्यभर मशीनने कापड आपणहून पुढे नेलेलं. आता ते जागचं हलेना. सुई एकाच जागी ठकठक करत राहिली, दोऱ्याची गाठ झाली आणि सुई कट्कन मोडली.

"रिंग को घुमाओ ना! सुई तो खड़ी है, आप चलो."

पेन एका जागी धरायचं आणि कागद हलवून अक्षर काढायचं, तसला हा प्रकार. पाय वेगळ्या चालीत, हात वेगळ्या चालीत. पाय जोरात आणि हात हळू झाला की गुठळी. हात जोरात आणि पाय हळू झाला की लांबच लांब टाके, नाहीतर सुई वाकलीच. पण तेवढ्यात एकदा, काही क्षण का होईना, दोन्ही जुळलं. रिंग माझ्या हाताखालून पाण्यावर घसरल्यासारखी गेली आणि मागे एक रेघ उमटली, वळणदार, माझ्या मनातली. मी पाय मारायचा थांबवून भाभीचा दंड धरला.

"आला! भाभी, आला!"

"आया तो सही," ती हसून म्हणाली. "केंचुआ है, पर चलता है."

माझ्या त्या गांडुळाला पान व्हायला महिना लागला. बालवाडीतून येताना रस्त्यातच माझी बोटं फिरायला लागायची. आधी रेघा, मग गोल, मग एका रेघेला लागून दुसरी, मधे फट न सोडता. भात ढवळतानासुद्धा माझा हात पातेल्यात पाकळी काढत होता. सासूबाईंनी ते एकदा पाहिलं आणि डाव माझ्या हातातून काढून घेतला.

दोरा आणायला भिवंडीच्या बाजारात गेले तेव्हा पर्समध्ये टॉवेलात गुंडाळून कप बरोबर नेला. कपावरचा गुलाबी रंग शब्दांत सांगता येण्यासारखा नव्हता. दुकानदाराने रेशमासारख्या चकाकणाऱ्या दोऱ्यांची रिळं काउंटरवर ओतली, मी पर्समधून कप काढला, तर तो म्हणाला, "ताई, कप घरून आणायची काय गरज, चहा मी मागवतोच की." मी कारण सांगितल्यावर मात्र त्यालाही चेव आला. तो कप घेऊन दुकानाबाहेर उन्हात गेला, एकेक रीळ पाकळीला लावून बघू लागला. एका गुलाबात चार गुलाबी निघाले! कडेला फिका, मग जरा गडद, मग गाभ्याजवळ जांभळट. इतके दिवस मी रोज बघत होते आणि मला एकच दिसत होता. घरी येईपर्यंत मी रिक्षात ती रिळं पुन्हा पुन्हा पिशवीतून काढून बघितली.

त्या वर्षांत दुपारी लोडशेडिंग असायचं. वीज गेली की आसपासच्या लूमचा खडखडाट एकदम थांबायचा आणि गावाला नवे कान आल्यासारखं व्हायचं. टीव्ही बंद, पंखा बंद. माझं मशीन पायाचं, त्याला विजेशी घेणं नव्हतं. अशा दुपारी सासरे खुर्ची ओढून मशीनच्या बाजूला येऊन बसू लागले. आधी वारा येतो म्हणून. मग दोरा तुटला की ओवून द्यायला. मग सूचना करायला.

"हात उचलू नको. जालं इनताना पन हात उचलायचा न्हाय, गाठ सुटते."

एकदा मी बालवाडीतून आले तर आतून मशीनचा आवाज येत होता. भाभी असेल म्हणून मी सरळ आत गेले. सासरे बसले होते. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची लुंगी, नाकावर चष्मा, दोन्ही पाय पायडलवर, आणि रिंगमध्ये माझं सरावाचं कापड. मला बघून ते दचकले.

"पट्टा ढिला जालाय काय बगत होतो," ते म्हणाले.

"पट्टा चांगला आहे, बाबा."

त्यांनी पायडलवरून पाय काढले. मग रिंगकडे बघत म्हणाले, "मना पन शिकव गो."

सासूबाईंना हे कळलं तेव्हा घरात मोठंच वादळ झालं. म्हातारपणी बाप्या माणूस बायकांसारखा फुलं भरत बसणार, गावात तोंड कसं दाखवायचं? तेवढ्यात भाभी ओढण्यांचं गाठोडं घेऊन आली. तिला काय चाललंय ते समजलं, आणि तिने आश्चर्याने विचारलं, "क्यों अम्मा? हमारे यहाँ तो ये काम मर्द ही करते हैं. मेरे अब्बा करते थे. मैंने उन्हीं से सीखा."

 "तुमच्यात करत असतील," एवढं म्हणून सासूबाई मासे साफ करायला निघून गेल्या. पण त्यानंतर विरोध झाला नाही. फक्त दुपारी त्या पुढचं दार लावून घ्यायच्या.

सासऱ्यांचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला, पण गुलाबात त्यांचं मन रमेना. "यो फूल मी कदी बगितला न्हाय. न बगितलेला कसा काढू?" त्यांनी जुन्या चादरीचा तुकडा घेतला, त्यावर बॉलपेनने काहीतरी काढायला सुरुवात केली आणि मला जवळ येऊ देईनात. चार-पाच दिवसांनी बोलावलं. कापडाच्या मधोमध एक चिंबोरी, खाडीतली खेकडी, बसली होती. काळपट हिरवी पाठ, पाठीवर बारीक ठिपके, नांग्यांची टोकं शेंदरी. एक नांगी मोठी, एक बारकी. पाय असे वाकवलेले की हात लावला तर तिरकी पळेल.

"नांग्या सारख्या का नाहीत?" मी विचारलं.

"सारक्या नसतातच. एक फोडायला, एक चिरायला."

मी टाळ्या वाजवल्या. भाभी तोंडावर ओढणी धरून हसत होती आणि पुन्हा पुन्हा "या अल्लाह, ये तो काट लेगा" म्हणत होती. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि दुसऱ्या कोपऱ्यात निवटे काढायला घेतले. चिखलात उड्या मारणारे, डोळे बाहेर आलेले मासे. माझे गुलाब एका बाजूला, त्यांची खाडी दुसऱ्या बाजूला, आणि मशीन एकच. आम्ही पाळ्या लावल्या. त्यांच्या पाळीत माझा जीव वर-खाली व्हायचा, कारण मला एखादी पाकळी सुचलेली असायची आणि ते एका निवट्याच्या डोळ्यावर तासभर अडलेले असायचे.

त्याच सुमारास नणंदेला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या, डोंबिवलीच्या बाजूच्या एका गावचे, आमच्यासारखेच आगरी. सासूबाईंनी नवे स्टीलचे ट्रे काढले. मी हट्ट धरला की चहा माझ्याच सेटमधून द्यायचा. माझं टोपरं आता तयार होतं, नवं कोरं, चार गुलाबी छटांचं. ट्रेवर घालायला त्याच वेलीचा रुमालही मी पुरा केला होता. नणंदही माझ्या बाजूने बोलली, म्हणून सासूबाई कशाबशा तयार झाल्या.

त्या सकाळी वीज जायच्या आत इस्त्री उरकायची घाई. नणंद साडीला इस्त्री करत होती, तिने जाता जाता माझा रुमालही खाली घातला. इतक्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली, ती वळली, आणि जळका वास आला. मी धावले. सगळ्यात चांगला गुलाब, ज्यासाठी मी दोनदा उसवून पुन्हा भरलं होतं, तो खरपूस तपकिरी झाला होता.

"वहिनी," नणंद रडवेली होऊन म्हणाली, "मला हे लग्नच नको आहे. मला बी.एड. करायचंय. सकाळपासून कशातच लक्ष नाही माझं."

रुमालाचं दुःख करायला वेळच मिळाला नाही. मी तिला पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं. तोवर सासरे आतून त्यांचं कापड घेऊन आले आणि कोणाला न विचारता ते ट्रेवर अंथरलं. मधोमध चिंबोरी.

"पोरगी बगायला येनाऱ्यांच्या पुड्यात चिंबोरी ठेवनार?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"मंग? माझ्या खाडीची हाय. कोनाची चोरून न्हाय आनली."

दारात चपला वाजल्या. आता बदलायला वेळ नव्हता.

पाहुणे बसले. सगळे ताठ. मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. नणंदेने ट्रे आणून ठेवला. मुलाच्या आईने टोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय गं बाई?" मी टोपरं उचललं, खालून वाफाळती किटली निघाली. आत्याबाई खुदकन हसल्या. मी चहा ओतला, एकेक कप उचलला गेला, आणि कपांखालून हळूहळू चिंबोरी दिसू लागली. मुलाचे वडील कप ओठांपाशी नेता नेता थांबले.

"ही कुनी काढली?"

 सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. मी काहीतरी सांगणार तेवढ्यात सासरे म्हणाले, "मी."

"तुमी? हातानं?"

"मशीनवर. सुनंनं आनि मागच्या बाईनं शिकवला."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला, कापड ओढून जवळ घेतलं, तोंड अगदी खाली नेलं. "काली चिंबोरी हाय. बिळातली. नांगी बरोबर काढली हाय."

"बिळातलीच. आकड्यानं काढायची."

"आमी हातानं काढायचो!"

"हातानं? बोट गेलं असतं!"

"गेलंच होतं अर्धा," असं म्हणून त्यांनी डाव्या हाताचं पिळवटलेलं बोट पुढे केलं, आणि बघता बघता खोलीतला सगळा ताठपणा गेला. कुठल्या भरतीला चिंबोऱ्या भरलेल्या असतात, खाडीकाठच्या कुठल्या खाजणात आता गोदाम आलं, निवट्यांचं कालवण कोण कसं करतं. सासूबाई आतून येऊन खाली बसल्या आणि आत्याबाईंशी कालवणातल्या चिंचेवरून वाद घालू लागल्या. किटली पुन्हा दोनदा भरली. मुलगा आणि माझी नणंद खिडकीपाशी उभी राहून बोलत होती, त्यांच्याकडे कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

लग्न जमलं नाही. मुलाला नोकरीसाठी पुण्याला जायचं होतं, नणंदेला बी.एड. करायचं होतं, आणि त्या खिडकीपाशी दोघांनी एकमेकांना ते सरळ सांगून टाकलं होतं. दोघांनी आपापल्या घरी नकार कळवला. सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मुलाची आई होती. आता हिला काय सांगायचं म्हणून मी घाबरत रिसीव्हर घेतला.

"ते राहू दे गं, पोरांचं पोरं बघतील," त्या म्हणाल्या. "आमचे हे तेव्हापासून डोकं खातायत. आम्हाला तसली चिंबोरी पाहिजे. आणि मला टोपरं. देशील करून?"

मी फोन ठेवला आणि ओट्यावर धावत गेले. सासरे ऐकून उठूनच उभे राहिले. "चिंबोरी पाहिजे म्हनतात? नर का मादी?"

टोपरं आणि चिंबोरी पोचती केली, तेव्हा त्यांनी बदल्यात एक पिशवी दिली. त्यांचं जुनं घर पाडायचं होतं, भिंतीतल्या फडताळात चार कप सापडले होते, जाड, दुधी रंगाचे, कडेला हिरवी पानं. माझ्या सेटच्या मानाने ते अगदीच रांगडे, पण हातात धरले की ऊबदार वाटत. त्या दिवसापासून सासऱ्यांना नवा नाद लागला. ते दिवस घरं पाडायचे होते. गावोगावी कौलारू घरं खाली येत होती, स्लॅब पडत होते, आणि फडताळांतून, माळ्यांवरून जुने कप बाहेर निघत होते, ते कोणालाच नको होते. सासरे सकाळी पेपर न वाचताच निघायचे. कोणाचं घर पाडायला काढलंय याची खबर त्यांना आमच्या सरपंचांच्या आधी लागायची. एकदा नुसती साखरदाणी घेऊन आले, एकदा कानाच्या जागी मोर असलेला कप. मोराची मान म्हणजे कपाचा कान! त्या दिवशी मी बालवाडीतल्या मुलांनाही तो दाखवायला नेला.

सासूबाईंनी भांड्यांच्या मांडणीची वरची फळी आपणहून रिकामी केली. "खाली ठेवू नका, पोराटोरांचा हात लागंल," म्हणाल्या. घरात पोरटोर कोणी नव्हतं.

भाभी रोज दुपारी येत होतीच. मी आणि सासरे पाळीपाळीने आपापलं भरत बसायचो आणि ती दुकानाच्या ओढण्या सुटे दोरे कापायला घेऊन यायची. तीच ती कैरी, तीच ती वेल, दुकानदाराने छापून दिलेली. एके दिवशी तिने ओढणी बाजूला ठेवली. मोराच्या कपातला चहा संपवला, कप दोन्ही हातांत फिरवत राहिली.

"चाचा," ती सासऱ्यांना म्हणाली, "आपने अपनी खाड़ी बना ली. मैं भी कुछ अपना बनाऊँ क्या?"

"बनाओ ना. काय बनायेगा?"

ती लाजली. "नीलगाय."

आम्हाला वाटलं, ही चेष्टा करतेय. पण ती सांगत सुटली. तिच्या गावी नीलगायींचे कळप यायचे, अब्बांचं शेत खायचे, आणि ती लहानपणी भल्या पहाटे डबा वाजवत त्यांच्या मागे धावायची. सगळं गाव त्यांना शिव्या द्यायचं. "पर दीदी, इतनी सुंदर होती है. आँखें ऐसी, जैसे किसी ने सुरमा लगा दिया हो. मैं डिब्बा बजाना भूल जाती थी."

सासऱ्यांनी लगेच कापड आणलं. भाभीने खडूने आकार काढला, उंच खांदे, उतरती पाठ. मग प्रश्न रंगाचा. तो निळा नाही, करडा नाही, मधलाच काहीतरी. माझ्याकडची सगळी रिळं जमिनीवर पसरली. एक निळं फार झळझळीत, एक करडं अगदी मेलेलं. वीज गेलेली, म्हणून आम्ही मशीनसकट सगळा पसारा ओट्यावर उजेडात नेला. सासूबाईही आल्या, पदराला हात पुसत.

"दोन दोरे एका सुईत घाला की," त्या म्हणाल्या. "एक यो, एक यो."

भाभीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन्ही दोरे एकत्र करून तिने ओवायला घेतले. सुईचं भोक बारीक, दोरे जात नव्हते. सासऱ्यांनी मोठ्या भोकाची सुई शोधून दिली. मी रिंग ताणली. भाभी मशीनवर बसली, एकदा खोल श्वास घेतला आणि पाय मारला.

"आया क्या?" मी विचारलं.

 तिची रिंग भराभर फिरत होती, आणि आम्ही तिघं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो, नीलगायीची पाठ भरत चाललेली.